पुन्हा सुरू केल्यावर काय उरतं? – संगणकाची स्मृती आणि विस्मृती



आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ‘लिनक्सचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की डेस्कटॉपची सेटिंग्ज का जातात’ यावर बोलायचं, हे जरा विचित्रच. पण हा प्रश्न वरून तांत्रिक दिसला तरी आतून तो स्मृतीचा प्रश्न आहे, आणि स्मृती हा आमच्या विषयाच्या घरचाच प्रश्न. शिवाय त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे. तो समजला की रोजची एक कटकट सुटते, आणि ती कटकट मुळात कोणी, कशासाठी निर्माण केली हेही कळतं.

आधी प्रश्न नीट मांडून घेऊ. लिनक्सवर चालणारा एक संगणक घ्या. टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन आपण देवनागरी कळफलक सुरू केला. दुसऱ्या आज्ञेने शेजारच्या पडद्याची जागा डावीकडे ठरवली. माउसचा वेग कमी केला. सगळं लगेच लागू झालं, दिवसभर छान चाललं. संध्याकाळी यंत्र बंद केलं. सकाळी चालू करून बघतो तर कळफलक पुन्हा इंग्रजी, पडदा पुन्हा उजवीकडे, माउस पुन्हा उधळलेला. आणि गंमत बघा, डेस्कटॉपच्या मागचं चित्र मात्र आपण कालच बदललं होतं, ते जसंच्या तसं आहे! म्हणजे यंत्र सरसकट विसरत नाही. काही लक्षात ठेवतं, काही विसरतं. ही निवड कुठून आली, हे आज आपल्याला बघायचं आहे.

त्यासाठी एक जुनं साधन हाताशी घेऊ. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आपल्याकडे न्यायशास्त्राच्या पहिल्या पायरीला शिकवतात. त्यात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, अनुभव आणि स्मृती. अनुभव येतो आणि जातो, पण जाताना एक ठसा ठेवून जातो. तो संस्कार. हा ठसा एरवी निजलेला असतो. त्याला जागं करणारं काहीतरी लागतं, त्याला नैयायिक उद्बोधक म्हणतात. तो जागा झाला की होते ती स्मृती. म्हणजे अनुभव, संस्कार, उद्बोधक आणि स्मृती अशी ही साखळी आहे. मधली एक कडी तुटली की आठवण नाही.

याच ग्रंथात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत, वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग आज बाजूला ठेवू. भावना म्हणजे स्मृतीला कारण होणारा ठसा. आणि स्थितिस्थापक म्हणजे वस्तूला दुसरी स्थिती दिली तरी तिला पुन्हा पहिल्या स्थितीत नेणारा गुण. गुंडाळून ठेवलेली चटई उलगडा, हात काढा, ती आपली परत गुंडाळी करून बसते. आपल्या संगणकात हे दोन्ही संस्कार आहेत. आपली निवड जपणारी भावना आहे, आणि कारखान्यातून आली तशी स्थिती परत आणणारा स्थितिस्थापकही आहे. सकाळी जी फजिती होते ती या दोघांच्या ओढाताणीत होते. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता इतिहासाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की संगणकाची मुख्य स्मृती नेहमीच अशी विसराळू नव्हती. 1953 साली अमेरिकेत एमआयटीच्या व्हर्लविंड या यंत्रात चुंबकीय गाभ्यांची स्मृती बसवली गेली. तारांच्या जाळीत ओवलेली छोटी छोटी फेराइटची कडी, प्रत्येक कडं एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफरॅक या यंत्राची स्मृतीही अशाच गाभ्यांची होती. वीज गेली तरी कड्याचं चुंबकत्व जात नाही. त्यामुळे त्या काळच्या यंत्रात जे होतं ते वीज परत आल्यावरही तिथेच सापडू शकायचं.

मग आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी नव्या तऱ्हेची स्मृती शोधली, तिचं पेटंट 1968 चं. 1970 साली इंटेलने 1103 नावाची चिप बाजारात आणली. यात प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रातला विद्युतभार. तो गळत राहतो, म्हणून यंत्राला तो सेकंदातून अनेकदा पुन्हा पुन्हा भरावा लागतो. स्वस्त झालं, लहान झालं, वेगवान झालं. बदल्यात काय दिलं? वीज गेल्यावरची आठवण. आज आपल्या संगणकात ज्याला रॅम म्हणतात ती ही. मघाशी टर्मिनलमधून दिलेल्या आज्ञा फक्त इथे जाऊन बसल्या होत्या. म्हणजे अनुभव झाला, संस्कार झालाच नाही.

तेव्हा टिकायचं असेल तर डिस्कवर लिहायला हवं. पण नुसतं लिहून भागत नाही, सकाळी ते कोणीतरी वाचायलाही हवं. इथे दुसरी गोष्ट सुरू होते, तीही एमआयटीतच. 1960 च्या दशकात तिथे सीटीएसएस नावाची प्रणाली चालत असे. एकच मोठं यंत्र, आणि अनेक माणसं आपापल्या टर्मिनलवर बसून ते वाटून घेत. त्याच त्या आज्ञा रोज हाताने टंकायचा कंटाळा येणारच. लुई पूझां नावाच्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने रनकॉम नावाची सोय लिहिली. आज्ञांची यादी एका फाइलमध्ये ठेवायची आणि यंत्राला सांगायचं, ही यादी वाच आणि एकेक कर. रनकॉम म्हणजे ‘आज्ञा चालवा’. पुढे युनिक्समध्ये अनेक फाइलींच्या नावांच्या शेवटी ‘आरसी’ ही दोन अक्षरं दिसू लागली, आजही बॅशच्या फाइलीच्या नावात ती आहेत. ती या रनकॉमची खूण.

यातला विचार बघा. यंत्राने आठवण ठेवायची नाही. आठवण माणसाने लिहून ठेवायची आणि यंत्राने ती रोज सकाळी नव्याने वाचायची. आपल्याकडे देवघरात रोज पूजा मांडतात तसं. कालची मांडणी उरलेली नसते, ती पुन्हा मांडली जाते. विधी टिकतो म्हणून मांडणी टिकते.

या फाइली कुठे ठेवायच्या, हे ठरलं ते मात्र योगायोगाने. युनिक्सचा जन्म 1969 सालचा, बेल लॅब्जमधला, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातचा. त्यात पुढे फोल्डरच्या आत फोल्डर अशी रचना आली, तेव्हा प्रत्येक फोल्डरमध्ये दोन विशेष नोंदी आल्या. एक टिंब म्हणजे ‘हाच फोल्डर’, दोन टिंबं म्हणजे ‘याच्या वरचा’. यादी दाखवणाऱ्या आज्ञेत या दोन नोंदी दिसू नयेत म्हणून कोणीतरी सोपी तपासणी घातली, नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवू नको. त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या रॉब पाइक यांनी 2012 साली हा किस्सा लिहून सांगितला. तपासायला हवं होतं की अख्खं नाव एक किंवा दोन टिंबं आहे का. तपासलं फक्त पहिलं अक्षर. परिणाम असा की टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल आपोआप लपू लागली. मग प्रत्येक प्रोग्रामने आपली सेटिंग्ज अशाच फाइलींत, वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात टाकायला सुरुवात केली. एका घाईतल्या ओळीवर पन्नास वर्षांची वहिवाट उभी राहिली. माणसाच्या सवयीच्या सगळ्या आठवणी त्याच्याच घरात, पण त्याच्या नजरेआड!

आता डेस्कटॉपकडे येऊ. एमआयटीत 1983 साली प्रोजेक्ट अथीना सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठभर संगणक ठेवायचे, आणि कोणीही कुठल्याही यंत्रापुढे बसलं तरी त्याला आपलंच काम समोर दिसावं, ही कल्पना. त्या वातावरणात 1984 साली रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिम सुरू केली. 1987 साली तिची अकरावी आवृत्ती आली, आणि लिनक्सवरचे डेस्कटॉप पुढे अनेक वर्षं तिच्यावरच चालले.

अथीनाचं कोडं आपण आपल्या डोक्याने सोडवून बघू. यंत्र सगळ्यांचं आहे. आज त्यावर एक विद्यार्थी बसला, उद्या दुसरी बसेल. अशा यंत्राने पहिल्याच्या आवडीनिवडी लक्षात ठेवल्या तर दुसरीला त्रास. म्हणून पडदा, कळफलक आणि माउस सांभाळणारा जो एक्सचा मुख्य प्रोग्राम, त्याने वापरणाऱ्याचं काहीच डिस्कवर ठेवायचं नाही. कळफलकाची मांडणी बदला, माउसचा वेग बदला, रंग आणि अक्षरांची यादी त्याच्या हवाली करा, तो सत्र चालू असेपर्यंत ते सांभाळेल. सत्र संपलं की पाटी कोरी. वापरणाऱ्याच्या आवडी त्याच्या घरच्या फोल्डरात, ते फोल्डर नेटवर्कवरच्या मोठ्या यंत्रात, आणि तो कुठेही बसला तरी तिथून त्या वाचल्या जाणार. तेव्हा आज आपल्याला जी विस्मृती खोड वाटते, ती एके काळची सभ्यता होती. सार्वजनिक वाचनालयातलं टेबल जसं जाताना मोकळं करून जायचं, तसं.

पण 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स आणलं आणि युनिक्सच्या घरातली ही सगळी भांडीकुंडी एका माणसाच्या घरच्या एका संगणकावर आली. टेबल आता सार्वजनिक उरलं नाही. तरी ते रोज रात्री आवरलं जातच राहिलं. परिस्थिती गेली, रीत उरली. समाजात अशा किती रीती असतात, याची यादी तुम्ही घरी जाऊन करा.

मग घरातल्या माणसाला समजेल असा डेस्कटॉप बांधायचे प्रयत्न सुरू झाले. जर्मनीत मॅथियास एट्रिख यांनी 1996 साली केडीईची हाक दिली. 1997 साली मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची सुरुवात केली. या दोघांनी मधल्या कडीचा, म्हणजे संस्काराचा प्रश्न हातात घेतला. खिडकीत टिचकी मारली की बदल लगेच लागूही व्हावा आणि लिहिलाही जावा. केडीईने साध्या मजकुराच्या फाइली ठेवल्या, ज्या आपण उघडून वाचू शकतो. ग्नोमने दुसऱ्या आवृत्तीत, 2002 साली, जीकॉन्फ नावाची व्यवस्था आणली, आणि 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिची जागा डीकॉन्फने घेतली. डीकॉन्फमध्ये आपल्या सगळ्या निवडी एकाच फाइलमध्ये, यंत्राला चटकन वाचता येईल अशा रूपात असतात. आपण ती साध्या संपादकात उघडून वाचू शकत नाही. वेग मिळाला, पारदर्शकता थोडी गेली.

डीकॉन्फमधली एक गोष्ट तत्त्वज्ञानाच्या माणसाला फार आवडण्यासारखी आहे. त्या फाइलमध्ये आपली सगळी सेटिंग्ज नसतात. आपण जी बदलली तेवढीच असतात. बाकी सगळं ‘मूळ मूल्य’ म्हणून दुसरीकडे, प्रोग्रामबरोबर आलेल्या तक्त्यात असतं. म्हणजे भावना एका पेटीत, स्थितिस्थापक दुसऱ्या पेटीत. आपण एखादी गोष्ट कधी हातच लावली नसेल, तर ती आपली निवड धरली जात नाही. पुढच्या आवृत्तीत निर्मात्याने मूळ मूल्य बदललं तर आपल्या यंत्रातही ते बदलतं. मौन म्हणजे संमती, असा हा करार आहे. आणि संस्थेच्या संगणकांवर व्यवस्थापक काही मूल्यांना कुलूपही लावू शकतो. मग आपण कितीही बदला, ती बदलत नाहीत. स्मृती कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न इथे अगदी उघडा होतो.

दरम्यान 2000 साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप नावाचा एक मंच सुरू केला होता. वेगवेगळ्या डेस्कटॉपांनी काही रीती एकसारख्या पाळाव्यात, हा हेतू. घरच्या फोल्डरात टिंबवाल्या फाइलींचा बाजार भरला होता, त्यांना शिस्त लावणारा संकेत 2003 साली तिथूनच आला. सेटिंग्ज ‘कॉन्फिग’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, प्रोग्रामची इतर सामग्री दुसरीकडे, आणि पुसली तरी चालेल अशी तात्पुरती साठवण तिसरीकडे. तिथेच आणखी एक सोय ठरली. कॉन्फिगच्या आत ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं फोल्डर, त्यात ठेवलेल्या गोष्टी लॉगिन झाल्यावर आपोआप चालतात. पूझां यांच्या रनकॉमचंच हे नातवंड. मघाची माउसच्या वेगाची आज्ञा यात ठेवली की ती रोज आपोआप दिली जाते. इथे उद्बोधकाची कडी जोडली गेली.

आता या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग सांगतो. तो 2009 सालचा. लिनक्समध्ये डिस्कवर फाइली मांडणारी एक्स्ट-4 ही नवी पद्धत डिसेंबर 2008 मध्ये पक्की म्हणून जाहीर झाली. थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या. यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू केलं तर डेस्कटॉपची सेटिंग्ज कोरी. फाइली जागेवर आहेत, नावंही बरोबर आहेत, आत मात्र शून्य अक्षरं!

झालं होतं असं. प्रोग्राम फाइल लिहितो तेव्हा ती ताबडतोब डिस्कवर जात नाही, आधी रॅममध्ये थांबते. जुन्या एक्स्ट-3 पद्धतीत साधारण पाच सेकंदांनी सगळं डिस्कवर उतरायचं, आणि नोंदीच्या आधी मजकूर जाईल अशी मूळ व्यवस्था होती. एक्स्ट-4 मजकुराला जागा द्यायला मुद्दाम उशीर लावत असे, म्हणजे डिस्कवरची मांडणी चांगली होते, वेग वाढतो. पण त्यामुळे फाइलीच्या नावाची नोंद आधी आणि मजकूर बऱ्याच वेळाने, असं होऊ लागलं. मधल्या काळात वीज गेली तर पाटी लागलेली आणि आत घरच नाही.

मग मोठा वाद झाला. एक्स्ट-4 चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की नियम स्पष्ट आहे. मजकूर डिस्कवर पक्का पोहोचायला हवा असेल तर प्रोग्रामने तशी खास विनंती करायला हवी, ती न करणाऱ्या प्रोग्रामची ही चूक. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, इतकी वर्षं हे विनंतीशिवाय चालत आलं, सगळे त्यावर विसंबले, आणि प्रत्येक बारीकसारीक सेटिंगसाठी अशी विनंती केली तर यंत्र अडखळायला लागतं. नियमशास्त्र आणि लोकाचार यांचा हा जुनाच झगडा! धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी ग्रंथ मोठा की शिष्टाचार मोठा यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. शेवटी काय झालं? नियम बदलला नाही, पण लोकाचाराला मान दिला. जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवायची ओळखीची पद्धत दिसली की एक्स्ट-4 ने मजकूर लगेच उतरवायला घ्यावा, अशी दुरुस्ती 2009 सालीच लिनक्सच्या गाभ्यात आली.

आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ‘लिहिलं’ या शब्दाचा अर्थच इथे पणाला लागला होता. यंत्र म्हणतं लिहिलं, माणूस समजतो लिहिलं, आणि प्रत्यक्षात ते अजून रॅमच्या दारातच उभं असतं. ज्यांच्या गावात लोडशेडिंग असतं त्यांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. पडद्याची चमक किती ठेवायची हे आजच्या बऱ्याच लिनक्स यंत्रांवर सिस्टिमडी नावाची व्यवस्था यंत्र बंद होताना लिहून ठेवते आणि चालू होताना परत लावते. ‘बंद होताना’ हा शब्द महत्त्वाचा. वीजच गेली आणि यंत्र रीतसर बंद झालं नाही, तर ती शेवटची नोंद होत नाही, त्याआधीची परत येते.

आता दुसरी बाजूही ऐका. विसरणं वाईटच, असं धरून आपण चाललो आहोत. तसं नाही. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने 2000 साली क्नॉपिक्स नावाचं लिनक्स आणलं. अख्खी प्रणाली सीडीवरून चालायची, संगणकाच्या डिस्कला हात लावायची गरज नाही. काम झालं, सीडी काढली, मागे काही उरलं नाही. बिघडलेल्या यंत्रातून फाइली वाचवायला हे वरदान होतं. पुढे लोकांना वाटलं, सेटिंग्ज तेवढी टिकली तर बरं. म्हणून पेन ड्राइव्हवर वेगळी जागा राखून तिथे बदल साठवायची सोय आली. खाली न बदलणारी मूळ प्रणाली, वर आपल्या बदलांचा पातळ थर, आणि वाचणाऱ्याला दोन्ही मिळून एकच दिसतं. टेल्स नावाच्या प्रणालीने तर विस्मृतीलाच आपलं ब्रीद केलं. तिच्या इंग्रजी नावातच स्मृतिभ्रंश आहे. पत्रकाराला, पाळत असलेल्या कार्यकर्त्याला यंत्राने काही लक्षात न ठेवणं हेच संरक्षण. तिथे टिकाऊ साठवण मिळते, पण ती माणसाने मागून घ्यावी लागते.

साध्या माणसालाही विस्मृतीचा आधार असतो. पडद्याची मांडणी बदलताना चुकीची आज्ञा दिली आणि पडदा काळा झाला, तर पुन्हा सुरू केल्यावर सगळं पूर्ववत होतं. तात्पुरती आज्ञा तात्पुरती असते म्हणूनच आपण प्रयोग करू शकतो. म्हणून शहाणा माणूस आधी करून बघतो, दोन दिवस वापरतो, आणि मग टिकवतो.

आता हे सगळं आपल्या दारात आणू. मघाचं उदाहरण, देवनागरी कळफलक. टर्मिनलमधून दिलेली कळफलक बदलायची आज्ञा एक्सच्या स्मृतीत जाते आणि सत्राबरोबर संपते. कोणी म्हणेल, ऑटोस्टार्टमध्ये टाका. टाकली. तरीही ग्नोममध्ये ती कधी कधी टिकत नाही, कारण ग्नोमची स्वतःची एक सेवा मागून येते आणि डीकॉन्फमध्ये जी मांडणी लिहिली आहे तीच लावते. आपला संस्कार खरा, उद्बोधकही झाला, पण त्यानंतर कोणीतरी येऊन पाटी पुसून गेलं. तिथे उपाय एकच. ग्नोमच्या सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन कळफलकाच्या यादीत मराठी किंवा देवनागरी जोडायचं, म्हणजे ते डीकॉन्फमध्येच लिहिलं जातं. आणि लॉगिनच्या आधीच्या पडद्यावर, जिथे अजून ‘आपण’ कोणी नसतो, तिथे हवं असेल तर ते सगळ्या यंत्रासाठीच्या फाइलीत प्रशासकाच्या अधिकाराने लिहावं लागतं.

अधिकाराचं निघालं म्हणून सांगतो. पुष्कळ लोक प्रत्येक आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावतात. वाटतं, जास्त अधिकार म्हणजे जास्त पक्कं. पण डेस्कटॉपची सेटिंग सुडोने बदलली तर ती बहुधा प्रशासकाच्या नावाने, त्याच्या घरात लिहिली जाते. आपल्या घरात काहीच लिहिलं जात नाही. शेजाऱ्याच्या वहीत टिपून ठेवलं आणि आपल्या वहीत शोधत बसलं, असं ते.

तेव्हा सेटिंग टिकत नसेल तर तीन प्रश्न क्रमाने विचारा. पहिला, हे लिहिलं कुठे गेलं, आणि कोणाच्या नावाने? केवळ रॅममध्ये असेल तर संस्कारच नाही. दुसरा, यंत्र सुरू होताना ते कोण वाचतं, आणि केव्हा? फाइल आहे पण वाचणारा नाही, तर उद्बोधक नाही. तिसरा, त्यानंतर कोण येऊन दुसरं काही लावतं? तिथे स्थितिस्थापक जिंकलेला असतो. या तीन प्रश्नांबाहेरचं कारण आम्ही तरी क्वचितच बघितलं आहे.

शेवटी एक गोष्ट, जी तंत्राच्या पलीकडची आहे. सकाळी यंत्र मूळ स्थितीला परत येतं तेव्हा ती ‘मूळ’ स्थिती कोणाची असते? चटईची गुंडाळी चटईने ठरवलेली नसते, विणणाऱ्याने आणि बांधणाऱ्याने ठरवलेली असते. इंग्रजी कळफलक, अमेरिकी तारखा, ही मूळ मूल्यं कोणीतरी, कुठेतरी बसून निवडली. ज्याची सवय मूळ मूल्याशी जुळते त्याला यंत्राची विस्मृती कधी जाणवतच नाही. त्याच्यासाठी यंत्र रोज सकाळी त्याचंच असतं. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र आपलं यंत्र रोज नव्याने आपलं करावं लागतं. काही जण दोन-चार दिवस करतात, मग कंटाळून रोमन अक्षरांत मराठी लिहायला लागतात. भाषेची मोठी हानी सभेत ठराव करून होत नाही, ती अशा रोजच्या छोट्या कंटाळ्यातून होते.

आणि लिनक्सच्या बाबतीत आपल्याला तक्रार करून थांबायचं कारण नाही, कारण तिथे मूळ मूल्यांचे तक्तेही उघडे आहेत. ते वाचता येतात, बदलता येतात, बदल निर्मात्यांकडे पाठवता येतात. एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत तीस संगणक असतील, तर एका शिक्षकाने एकदा बसून सगळ्या यंत्रासाठीच्या फाइलीत देवनागरी लिहून ठेवलं की त्या मुलांसाठी मूळ मूल्यच मराठी होतं. मग त्यांना लक्षात ठेवावं लागत नाही, यंत्राला आठवण करून द्यावी लागत नाही. वीज जाईल, येईल, यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होईल, आणि पहिली कळ दाबली की देवनागरी अक्षर उमटेल.

पुढच्या वेळी आपण छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीकडे वळू, तिथेही कोणतं अक्षर हाताशी आणि कोणतं लांब ठेवायचं हा असाच प्रश्न होता. आज इथे थांबतो.